ठेवू का?

फोन ठेवायच्या आधी ‘ठेवते हं’ म्हणायचं असतं, एवढी साधी गोष्ट जगाला कळत नाही, याचं ताईंना फार दुःख होतं. ते त्यांच्या गुडघ्यांच्या दुखण्यापेक्षाही मोठं होतं. गुडघ्यांना निदान मलम चोळता यायचं. जगाला काय चोळणार?

गल्लीत त्यांना ‘हॅलोताई’ म्हणत, कारण एका मोठ्या इस्पितळाच्या फोन-बोर्डावर त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. बाहेरून आलेला फोन आत जोडायचा, आतला बाहेर जोडायचा, हे त्यांचं काम. बोर्ड म्हणजे भिंतीला टेकवलेला लाकडी फळा, त्यात भोकांच्या रांगा, भोकांत खुपसायच्या दोऱ्या आणि कुणी फोन केला की लुकलुकणारे दिवे. कानाला अडकवायचा हेडफोन ताई रुजू झाल्यावर दुसऱ्याच वर्षी मोडला. नव्यासाठी त्यांनी अर्ज केला. तो मंजूर होऊन आला तेव्हा निवृत्तीला चार महिने उरले होते. मधली सगळी वर्षं त्यांनी रिसीव्हर डाव्या खांद्यावर ठेवून, त्यावर गाल दाबून काढली. एका हाताने दोरी खुपसायची, दुसऱ्याने लिहून घ्यायचं. त्यामुळे त्यांची मान कायमची जराशी डावीकडे कलली, आणि नव्या माणसाला वाटायचं, या बाई आपलं बोलणं किती मन लावून ऐकताहेत. तसं ते खोटंही नव्हतं.

बोर्डाचे तीन नियम होते आणि ते कुठल्याही पुस्तकात छापलेले नव्हते, ताईंनीच घातलेले होते. पहिला, तिसऱ्या घंटेच्या आत उचलायचा. दुसरा, बोलणं मध्येच तुटलं तर ज्याने फोन लावला होता त्यानेच पुन्हा लावायचा, नाहीतर दोघेही एकदम लावतात आणि दोघांनाही एंगेज मिळतो. तिसरा, समोरच्याने ठेवल्याशिवाय आपण ठेवायचा नाही. एकदा एका दुपारी एका माणसाला त्याचे वडील गेल्याचं वॉर्डातून कळवलं. वॉर्डवाल्या नर्सने ठेवलं, पण त्या माणसाचा दिवा काही विझेना. तो बोलत नव्हता, ठेवतही नव्हता. ताई चाळीस मिनिटं त्याच्या दोरीवर कान ठेवून बसल्या, बाकीचे फोन उजव्या हाताने जोडत. शेवटी तो म्हणाला, ‘ठेवतो, बाई.’ ताई म्हणाल्या, ‘ठेवा.’ हे त्यांनी कुणाला फारसं सांगितलं नाही. एक वाक्य मात्र त्या सगळ्यांना सांगत, उठता-बसता सांगत, भाजी घेतानासुद्धा सांगत: ‘एकतीस वर्षांत मी एकाचाही फोन कापला नाही.’

आता असल्या बाईला हल्लीचं जग कसं दिसत असेल, याची कल्पना करा. लोक फोन उचलून ‘हॅलो’ म्हणत नाहीत, ‘हं’ म्हणतात, तेही घास तोंडात ठेवून. बँकेला फोन करावा तर माणूसच नाही. एक यंत्र म्हणतं, एक दाबा, दोन दाबा, आणि सगळं दाबून झालं की पुन्हा एकवर आणून सोडतं. बसमध्ये शेजारची बाई फोन तोंडासमोर आरशासारखा धरून बोलते आणि तिच्या नणंदेचं पोट बिघडल्याचं अख्ख्या बसला कळतं. ताईंना हा स्पीकरचा प्रकार मुळीच मंजूर नव्हता. ‘बोलणं कानात बोलायचं असतं, हवेत नाही,’ असं त्या म्हणत. मुलगा वरच्या मजल्यावर राहायचा आणि ‘आई, चहा झाला का?’ हे खाली उतरून विचारायच्या ऐवजी लिहून पाठवायचा, पुढे एक हसरं पिवळं तोंड. ताई त्याला उत्तर म्हणून काहीच पाठवत नसत. चहाही पाठवत नसत.

पण हे सगळं एका बाजूला आणि न सांगता फोन कापणं एका बाजूला. ताईंच्या मते जगाचा ऱ्हास तसा बरीच वर्षं चालूच होता, पण गेल्या उन्हाळ्यापासून तो एकदम हाताबाहेर गेला. त्याआधी दहांतला एखादा न सांगता ठेवायचा. आता दहांतले पाच. तेही वाक्य अर्धं टाकून! शेवटी ताईंनी एक दोनशे पानी वही आणली, पट्टीने रकाने आखले आणि नोंदी सुरू केल्या. तारीख, वेळ, कापणाऱ्याचं नाव, आणि कापण्यापूर्वीचा शेवटचा शब्द. ही बोर्डावरची जुनी सवय. ‘भाची: मावशी, मी काय म्हणते.’ ‘गॅसवाला: उद्या सकाळी.’ ‘मुलगा: आई, आधी ऐकून तर.’ ‘दवाखान्यातली मुलगी: रिकाम्या पोटी.’ ही शेवटची नोंद वाचून सुनेने एकदा भीत भीत विचारलं होतं, की रिकाम्या पोटी काय करायचं होतं? ताई म्हणाल्या, ‘ते सांगायला तिने फोन चालू ठेवायला नको?’

त्याच उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट झाली होती. ताईंची छत्री हरवली. हल्ली लोक वस्तूंवर नावं घालत नाहीत म्हणून वस्तू परत येत नाहीत, असा निष्कर्ष काढून ताईंनी एका दुपारी घरातल्या सगळ्या वस्तूंवर नावं घातली. डबे, पिशव्या, चष्म्याचं घर, नवी छत्री. मोबाइलवरही वरच्या कडेला जखमेवर लावतात तसली चिकटपट्टी लावली आणि त्यावर बारीक, गोल अक्षरात लिहिलं: ‘सापडल्यास कृपया या क्रमांकावर फोन करावा.’ पुढे क्रमांक. क्रमांक त्याच मोबाइलचा होता. हे सुनेच्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं होतं, पण तिच्या संसाराला चौदा वर्षं झाली होती आणि ती शहाणी होती.

वहीत एक नोंद लाल शाईने केलेली होती. ती चिमीची.

चिमी म्हणजे ताईंची धाकटी बहीण. वय चौसष्ट, पण घरात एकदा पडलेलं नाव कोण उचलतं? ती दुसऱ्या गावात एकटीच राहायची. शिवणाच्या वर्गात शिकवून निवृत्त झालेली, नवरा जाऊन पाच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. दर रविवारी सकाळी अकराला तिचा फोन यायचा, आणि त्या दोघींचा फोन संपणं हा एक स्वतंत्र कार्यक्रम असायचा. चिमी म्हणायची, ‘ठेवू का?’ ताई म्हणायच्या, ‘ठेव.’ मग चिमीला काहीतरी आठवायचं. दहा मिनिटांनी पुन्हा, ‘ठेवू का मग?’ ‘ठेव, ठेव.’ मग ताईंना काहीतरी आठवायचं. असं चार-पाच वेळा झाल्यावर, बाराच्या सुमाराला, खरंच ठेवला जायचा. सगळं जग बिघडलं तरी चिमी बिघडलेली नाही, असं ताई सुनेला ऐकवायच्या.

आणि चार महिन्यांपूर्वी एका रविवारी, अकरा वाजून वीस मिनिटांनी, चिमी म्हणाली, ‘ताई, एक विचारायचं होतं.’ आणि फोन बंद.

ताई आधी थांबल्या. चिमीने लावला होता, तेव्हा चिमीनेच पुन्हा लावायचा. नियम म्हणजे नियम. साडेअकरा झाले. बारा झाले. ताई वाटाण्याच्या शेंगा घेऊन फोनशेजारी बसल्या आणि सगळ्या सोलून झाल्या तरी फोन काही वाजला नाही. पुढच्या रविवारीही वाजला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तेव्हा ताईंनी लाल पेन शोधून काढलं.

‘आई, तुम्हीच लावून बघा ना,’ सून म्हणाली.

‘मी का लावू? मी कापला का?’

सुनेने यावर नुसतं इकडेतिकडे पाहिलं. ताईंना ते पाहणं थोडं विचित्र वाटलं, पण त्यांनी त्यात लक्ष घातलं नाही.

चार महिने असे गेले. रविवारी अकराला ताई हमखास काहीतरी आवाजाचं काम काढायच्या, भांडी लावणं नाहीतर कपाट सरकवणं, म्हणजे फोन वाजला नाही हे ऐकू येऊ नये. त्यांना चिमीची फार आठवण यायची आणि तितकाच रागही यायचा, आणि दोन्ही एकदम आलं की त्या सुनेच्या केर काढण्यात चुका काढायच्या.

मग एका गुरुवारी संध्याकाळी सून खाली आली आणि दारातच उभी राहिली. ‘आई, मावशींचा यांना मेसेज आलाय. नवा पत्ता पाठवलाय.’

‘घर बदललं?’

‘घर नाही. वृद्धाश्रम आहे. नाव घातलंय त्यांनी. पुढच्या शुक्रवारी जाणार म्हणताहेत.’

ताईंनी हातातला डबा खाली ठेवला. झाकण नीट लागलं होतं तरी पुन्हा लावलं. ‘मला सांगितलं नाही,’ त्या म्हणाल्या. ‘माझ्या मुलाला लिहून कळवलं आणि मला सांगितलं नाही.’

‘आई, अजून आठ दिवस आहेत. एक फोन...’

‘तिने कापला, तिने लावायचा,’ ताई म्हणाल्या, पण या वेळी आवाजात नेहमीचा जोर नव्हता. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, आणि भूक नाही याचं खापर भाजीतल्या मिठावर फोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतात तर मोबाइल मेलेला. रात्रभर तारेला लावूनही चार्ज झाला नव्हता. चिमीने आजच फोन केला तर? हा विचार मनात आला आणि ताई चप्पल घालून थेट घड्याळजींच्या दुकानात गेल्या.

घड्याळजी हे मूळचे घड्याळ दुरुस्त करणारे. पुढे लोकांनी घड्याळं वापरायचं सोडलं, तेव्हा त्यांनी नाइलाजाने मोबाइल दुरुस्ती शिकून घेतली. पण डोळ्याला लावायचं भिंग तेच, चिमटा तोच आणि जगाविषयीचं मतही ताईंसारखंच. ते म्हणत, हल्लीच्या वस्तू बिघडत नाहीत, मरतात. ताईंना ते पटायचं. शिवाय ते फोन घेताना ‘नमस्कार, कोण बोलतंय?’ म्हणायचे आणि ठेवताना ‘ठेवतो’ म्हणायचे. चाळीस-पन्नास नावं असलेल्या वहीत त्यांचं नाव नव्हतं. खरं सांगायचं तर ताईंनी त्यांना फोन करायची वेळच आली नव्हती, पण ते असो.

घड्याळजींनी चार्जिंगच्या भोकातून टाचणीने कापसाचा बोळा ओढून काढला. ‘पर्समधला कचरा आहे, ताई. झाला चालू. एकदा बोलून बघा, आवाज नीट येतो का.’ ते स्वतःचा फोन घेऊन दुकानाच्या पायरीवर गेले आणि तिथून त्यांनी ताईंना फोन लावला.

‘हॅलो,’ ताई म्हणाल्या.

‘नमस्कार, ताई. येतोय का ऐकू? बरं, माझा नंबर बदललाय, तेवढा लिहून घ्या.’

ताईंनी फोन डाव्या खांद्यावर ठेवला, वर गाल दाबला आणि पर्समधून पेन काढलं. ‘सांगा.’

‘नऊ, सात...’

फोन बंद.

ताईंनी पेन खाली ठेवलं. त्यांचा चेहरा पडला. ‘तुम्हीसुद्धा?’ त्या पायरीकडे बघून म्हणाल्या. ‘निदान तुम्ही तरी “ठेवतो” म्हणायचं होतं!’

‘मी कुठे ठेवला? तुम्ही ठेवलात.’

‘मी?’ ताई ताठ उभ्या राहिल्या. ‘एकतीस वर्षांत मी एकाचाही फोन...’

‘ते माहीत आहे. पुन्हा लावतो.’

पुन्हा लावला. नऊ, सात, आणि बंद. तिसऱ्यांदा घड्याळजी पायरीवर गेलेच नाहीत. समोर उभे राहून त्यांनी फोन लावला, भिंग डोळ्यावर चढवलं आणि ताईंच्या गालाकडे असे पाहत राहिले, की दुसऱ्या कुणी पाहिलं असतं तर ताईंनी छत्रीच उगारली असती.

‘नऊ,’ ते म्हणाले. ‘सात. हां! गाल.’

‘काय गाल?’

‘तुमच्या गालाने लाल बटण दाबलं, ताई. काचेवरचं.’ त्यांनी फोन हातात घेऊन उलटसुलट केला. ‘अहो, याला इथे वर एक डोळा असतो. बारीक. कान जवळ आला की त्याला दिसतं आणि तो काच बंद करून टाकतो, म्हणजे गाल लागला, बोट लागलं तरी काही होत नाही. तुम्ही त्याच्या अर्ध्या डोळ्यावर पट्टी बांधलीत. त्याला धड दिसतही नाही, धड तो पुरता झाकलेलाही नाही. मग कधी काच बंद होते, कधी उघडीच राहते.’ त्यांनी पट्टी वाचली. मग पुन्हा वाचली. ‘आणि सापडल्यावर फोन करायचा तो हा नंबर कुणाचा?’

‘माझा.’

‘म्हणजे याच फोनचा?’

ताईंनी पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं. घड्याळजी सभ्य माणूस, त्यांनी विषय वाढवला नाही. त्यांनी नखाने पट्टी सोलून काढली, काच पुसली आणि चौथ्यांदा फोन लावला. ताईंनी तो खांद्यावर ठेवला, गाल दाबला. घड्याळजींनी दहाचे दहा आकडे सांगितले, ताईंनी ते लिहून घेतले आणि फोन चालूच राहिला.

‘ठेवतो, ताई,’ घड्याळजी म्हणाले.

‘ठेवा,’ ताई म्हणाल्या.

‘पट्टी कधी लावली होती?’

‘उन्हाळ्यात.’

घरी जाताना ताई दोनदा चुकीच्या बोळात वळल्या. घरात आल्या आणि चप्पल न काढताच वही उघडून बसल्या. पहिल्या नोंदीची तारीख पाहिली; पट्टी लावली त्याच्या तिसऱ्या दिवसाची होती. मग एकेक नाव वाचत गेल्या. दवाखान्यातली मुलगी, तिने तपासणीची वेळ लिहून घ्यायला सांगितलं होतं. गॅसवाल्याने नंबर दिला होता. भाची पत्ता सांगत होती. जेव्हा जेव्हा ताईंनी लिहायला पेन उचललं, तेव्हा तेव्हा फोन खांद्यावर गेला होता आणि कापला गेला होता. पुढेपुढे तर कोण कधी कापतंय याची नोंद तयार असावी म्हणून त्या फोन आला की आधी वहीच पुढ्यात ओढायच्या. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ लिहून ठेवता ठेवता वही भरत आली होती आणि मुसळ गालाखाली होतं.

सून चहा घेऊन आली तर ताई तशाच बसलेल्या.

‘एक खरं सांगशील?’ ताई म्हणाल्या. ‘मी फोन कापते, असं तुम्हा लोकांना वाटायचं का?’

सुनेने चहा टेबलावर ठेवला. चौदा वर्षांचा शहाणपणा एका बाजूला आणि सासूचा चेहरा एका बाजूला. ‘सगळ्यांनाच वाटायचं, आई. हे म्हणायचे, आई हल्ली चिडते, बोलणं पटलं नाही की आपटते फोन. वन्संची मुलगी तर तुम्हाला फोन करायच्या आधी पाणी पिते.’

‘आणि मला कुणी बोललं नाही?’

‘कसं बोलणार? फोनवर सांगायला गेलं की तुम्ही...’ सून थांबली. तिला हसू येत होतं आणि ते दाबताना तिचे खांदे हलत होते.

ताईंना मात्र हसू आलं नाही. त्यांचं बोट लाल शाईच्या ओळीवर होतं. ‘ताई, एक विचारायचं होतं.’ त्या दिवशी चिमी कुठल्याशा डॉक्टरचं नाव सांगत होती, ते लिहून घ्यायला ताईंनी पेन उचललं होतं. आता ते अगदी स्पष्ट आठवलं. म्हणजे चिमीने विचारलं होतं. फोनवर इकडे कुणी ऐकत नसताना विचारलं होतं. काय विचारलं असेल आणि उत्तर म्हणून काय ऐकलं असेल, हे डोक्यात आलं तशा ताई उठल्या, पुन्हा बसल्या आणि त्यांनी फोन हातात घेतला. ज्याने लावला त्यानेच पुन्हा लावायचा, हा नियम त्यांनी एकतीस अधिक सात वर्षं पाळला होता. तो त्यांनी तिथेच मोडला.

घंटा वाजत राहिली. ताई मोजत होत्या. तीन झाल्या, पाच झाल्या. आठव्या घंटेला उचलला गेला.

‘हं, बोला.’

‘बोला काय, बोला! मी आहे.’

‘दिसतंय. नाव येतं इथे.’

एरवी या ‘बोला’वरून ताईंनी अर्धा तास घेतला असता. ‘हे बघ चिमे,’ त्या म्हणाल्या, ‘त्या रविवारी तू जो फोन कापलास... म्हणजे तू नाही. मी कापला. म्हणजे मी पण नाही. गालाने कापला.’

‘काय?’

‘गालाने गं! गालाने कापला!’

पलीकडे चिमीचा आवाज एकदम बदलला. ‘ताई, तुला बरं आहे ना? तोंड वाकडं वगैरे होत नाहीये ना? सूनबाई आहे का जवळ? तिला दे फोन.’

‘मला काही झालेलं नाही! आधी ऐकून तर घे!’ ताईंनी सगळं सांगितलं. छत्रीपासून सांगितलं. पट्टी, डोळा, घड्याळजी, वही. पट्टीवर नंबर कुणाचा होता तेवढं गाळलं. बोलून झाल्यावर पलीकडून एक बारीक आवाज यायला लागला. एकतीस वर्षं कानाने माणसं ओळखणाऱ्या ताईंना तो लगेच कळला. चिमी हसत होती. आणि मग थोड्या वेळाने नुसतं हसत नव्हती.

‘म्हणजे तू ऐकलंच नाहीस?’ ती म्हणाली.

‘“एक विचारायचं होतं” एवढं ऐकलं. वहीत आहे.’

‘वहीत माझंही नाव घातलंस?’

‘लाल शाईने.’

‘मी सगळं बोलले गं, ताई. चांगली पाच मिनिटं बोलले. जिना चढवत नाही, एकटीला घर खायला उठतं, सगळं. आणि मग विचारलं. तू काही बोलेनास म्हणून पाहिलं, तर बंद. मला वाटलं, ऐकलंस आणि ठेवलास. चुकून नंबर लागलेल्या माणसालासुद्धा “ठेवते” म्हणणारी तू. मी म्हटलं, हिला एवढं नकोसं झालं असेल, तर पुन्हा कशाला विचारायचं?’

ताईंना स्वतःचा इतका राग आला, की वही समोर असती तर त्यांनी फाडली असती. ती समोरच होती, पण एका हातात फोन होता आणि दोनशे पानी वही एका हाताने फाटत नाही. ‘काय विचारलं होतंस?’

‘आता राहू दे.’

‘राहू दे काय? विचार.’

‘तेच विचारलं होतं. राहू का, म्हणून. तुझ्याकडे येऊन राहू का?’ चिमीने नाक ओढलं. ‘पण आता नाव घातलंय मी. बरी जागा आहे. खिडकी आहे. तेव्हा राहू दे.’

ताईंनी मागच्या खोलीकडे पाहिलं. तिथे जुने खोके होते, मोडकी खुर्ची होती आणि निवृत्तीच्या आधी चार महिने मिळालेला, कधीच न वापरलेला हेडफोन होता. ‘माझ्याकडेही खिडकी आहे,’ त्या म्हणाल्या. ‘कडी लागत नाही तिची. वारा येतो. तुला चालेल का?’

चिमीने पुन्हा नाक ओढलं.

‘आणि मी घोरते. तुझे भावजी सांगायचे.’

‘ते मला त्यांच्या आधीपासून माहीत आहे,’ चिमी कसंबसं म्हणाली आणि रडायला लागली. ताईंनी फोन दोन्ही हातांनी धरला होता, गालापासून चांगला बोटभर लांब, आणि मान कित्येक वर्षांत पहिल्यांदा सरळ होती. पलीकडे कुणी रडत असताना मध्येच बोलायचं नसतं आणि ठेवायचं तर नसतंच, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

मागच्या खोलीतून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. मग धपकन काहीतरी पडलं.

‘तो आवाज कसला?’ चिमीने विचारलं.

‘सून आहे. खोके काढतेय. तिला कुणी काही सांगितलेलं नाही, दाराशी उभी राहून ऐकत होती. काय ही हल्लीच्या सुनांची वळणं!’

चिमी हसली. मग तिला डॉक्टरचं नाव पुन्हा सांगायचं आठवलं, ताईंना आश्रमाला आजच कळवायला हवं हे आठवलं, चिमीला शिवणयंत्र आठवलं आणि ताईंना टेम्पोवाला आठवला. बाराला पाच कमी असताना चिमी म्हणाली, ‘बरं, ठेवू का मग?’

‘फोन तेवढा ठेव,’ ताई म्हणाल्या. ‘बाकी तिथे काही ठेवू नकोस.’